गॅरेजमधली शेव्हेल : विकू, वर्कशॉपमध्ये देऊ की स्वतःच पूर्ण करू?

डेट्रॉइटजवळच्या एका उपनगरातून एका वाचकाचं पत्र आलं आहे. वय ४९, मूळचे नाशिकचे, पेशाने सॉफ्टवेअर इंजिनिअर. तीन वर्षांपूर्वी त्यांनी ओहायोतून १९७० ची शेव्हरोले शेव्हेल १९ हजार डॉलरला घेतली. विकणाऱ्याने ती ‘एसएस’, म्हणजे दांडग्या इंजिनाची महागडी आवृत्ती, म्हणून विकली. नंतर जाणकारांनी सांगितलं की ही त्याच गाडीची साधी आवृत्ती, मालिबू आहे, ३५० घन इंचांच्या इंजिनची. लहानपणी ते वडिलांबरोबर बजाज चेतक खोलायला बसत. तसंच आपल्या मुलाबरोबर करावं आणि तो सोळाचा झाला की ही त्याची पहिली गाडी व्हावी, असं मनात होतं. गाडी पूर्ण खोलून झाली. आता इंजिन स्टँडवर आहे, फेंडर आणि बॉनेट भिंतीला टेकलेत, आतलं सामान खोक्यांत आहे. मागच्या काचेखालचा पत्रा कुजलेला निघाला आणि काम तिथेच अडलं. आणखी १४ हजार डॉलर गेले. त्यातले बरेचसे क्रेडिट कार्डावर आहेत आणि हा आकडा पत्नीला माहीत नाही. तिची गाडी तीन हिवाळे बाहेर उभी आहे. मुलगा सोळाचा झाला, पण गॅरेजकडे फिरकत नाही. ‘विकली तर नुकसान, वर्कशॉपमध्ये दिली तर पैसे पुरत नाहीत, स्वतः करायची तर घरात रोज वाद. पण अर्धवट सोडली तर मुलाला मी काय शिकवलं?’ असं त्यांनी विचारलं आहे.

नमस्कार,

विकू, देऊ की करू या तीन वाटांवर तुम्ही पानभर लिहिलंत. क्रेडिट कार्डाच्या आकड्यावर मात्र एकच ओळ आहे, तीही कंसात. मी सुरुवात तिथूनच करते. तो आकडा या आठवड्यात पत्नीला सांगा. गाडीचं काय करायचं हे ठरण्याच्या आधी सांगा, ठरल्यावर नव्हे. विकायची ठरली तर हिशोब होताना तो बाहेर येणारच. ठेवायची ठरली तर प्रत्येक नव्या पार्सलबरोबर तो वाढत जाणार. आणि अर्धी माहिती असलेल्या माणसाकडून तुम्ही कुठल्याही निर्णयाला मनापासून होकार मिळवू शकत नाही.

सांगायचं कसं, तर एका कागदावर लिहून. गाडीची किंमत, सुटे भाग, अवजारं, कार्डावरची आजची बाकी, तिचं व्याज. ‘अवजारं तर आयुष्यभर राहतील’ म्हणून ती रक्कम वगळू नका. खाली आणखी एक रकाना करा: न उघडलेले, परत करता येण्याजोगे भाग. तुमच्या पत्रात सीटची नवी कव्हरं आणि गालिचा दोन वर्षांपासून खोक्यात असल्याचा उल्लेख आहे. परत घेण्याची मुदत टळली असेल, पण नवं कोरं सामान विकलं जातं. मागच्या काचेखालचा पत्रा कुजलेला असताना गालिचा घरात ठेवून काही उपयोग नाही.

मग तिला विचारा, या हिवाळ्यात तुला काय हवंय? माझा अंदाज आहे की ती ‘गाडी विकून टाक’ म्हणणार नाही. तुमच्याच पत्रात आहे, ती पहाटे साडेसहाला हॉस्पिटलच्या ड्यूटीला निघते. जानेवारीत, अंधारात, काचेवरचा बर्फ खरवडत. आत उबदार जागेत मात्र एक गाडी तीन वर्षं नुसती उभी आहे. तुम्ही लिहिता, ‘तिला माझ्या छंदाबद्दल आस्था नाही.’ असेलही तसं. पण गॅरेजची अर्धी जागा तिची होती आणि ती तिला न विचारता गेली, हे मला आधी दिसतं.

ही जागा तुम्ही दोन शनिवार-रविवारांत मोकळी करू शकता, आणि त्यासाठी गाडी विकावी लागत नाही. शेव्हेलची लांबी पाच मीटर. गाडी म्हणून ती एकाच बाजूला मावते. खोललेली असली की दोन्ही बाजू व्यापते. म्हणून फेंडर, बॉनेट, दारं जशी आहेत तशी, रंगाविना, गाडीवर परत चढवा. बोल्ट हातानेच आवळा. हे नुसतं सामान आवरणं नाही. रंग देण्यापूर्वी सगळे पत्रे एकदा गाडीवर बसवून फटी जुळवाव्याच लागतात, आणि ज्यांनी ते केलं नाही त्यांचा हजारो डॉलरचा रंग दार लावताना कडेला उडालेला असतो. फेंडरच्या बोल्टखाली पत्र्याच्या लहान चकत्या असतात, शिम म्हणतात त्यांना. कुठे एक, कुठे तीन. त्या खोक्यात एकत्र टाकल्या असतील तर हरकत नाही, नव्याने जुळवता येतील. पण आता बसवताना प्रत्येक जागेचा फोटो काढा.

इंजिन आणि गिअरबॉक्सही परत आत घाला. ‘आधी इंजिनच्या खोलीला रंग द्यायचाय’ असं म्हणाल. या गाड्यांची फायरवॉल, म्हणजे इंजिन आणि बसायची जागा यांच्यामधला पत्रा, कारखान्यातूनच अर्धचमकीच्या काळ्या रंगात येत असे, बाहेरून गाडी कुठल्याही रंगाची असो. नीट घासून, पुसून, डब्यातला काळा स्प्रे मारलात तरी ते मूळच्या जवळ जाईल. तुमच्या डोक्यात असलेला क्रॅनबेरी रेड तिथे लागतच नाही.

आता ‘एसएस’चं दुःख. फसवणूक झाली याचा राग येणं योग्यच आहे. विकणाऱ्याने लेखी जाहिरातीत तसं म्हटलं असेल तर एकदा वकिलाला विचारून घ्या, आणि त्याने नाही म्हटलं तर तो विषय संपवा. पण गाडी नेमकी काय आहे हे कुणाच्या सांगण्यावर सोडू नका. १९७० च्या शेव्हेलच्या चासी नंबरावरून ती एसएस आहे का हे कळतच नाही. १३६३७ ने सुरू होणारा नंबर म्हणजे आठ सिलिंडरची दोन दारी मालिबू, आणि त्या वर्षी एसएस हे मालिबूवरचं जादा पॅकेज असल्यामुळे तिच्यावरही हेच आकडे असतात. सातवं अक्षर कारखान्याचं: बी असेल तर बॉल्टिमोर, के असेल तर कॅन्सस सिटी. इंजिन कुठलं, पॅकेज कुठलं, हे त्या नंबरात नाही. ते बिल्ड शीटवर असतं, म्हणजे कारखान्यात जोडणाऱ्यांसाठी छापलेल्या कागदावर. तो कागद पुष्कळदा पेट्रोलच्या टाकीच्या वर, टाकी आणि बुडाच्या पत्र्यामध्ये अडकलेला सापडतो; कधी मागच्या सीटच्या स्प्रिंगांत. तुमची टाकी अजून जागेवर असेल तर ती सावकाश उतरवा. कागद तपकिरी, ठिसूळ झालेला असतो, ओढला की तुकडे पडतात.

शोध घ्या, पण आशा लावून बसू नका. १९७० मध्ये एसएस फक्त ३९६ आणि ४५४ या मोठ्या इंजिनांवर मिळायची, आणि त्यातलं ३९६ प्रत्यक्षात ४०२ घन इंचांचं होतं. ३५० इंजिनवर एसएस मिळू लागली ती पुढच्या वर्षी. तुमच्या गाडीत जन्मापासून ३५० असेल, पुढे ड्रम ब्रेक असतील, मागचा ॲक्सल दहा बोल्टचा असेल, तर ती मालिबूच.

मला विचाराल तर तुमच्या परिस्थितीत ही चांगली बातमी आहे. अस्सल ४५४, त्यातही ४५० अश्वशक्तीची एलएस६ असती, लिलावात लाखाच्या वर डॉलर मिळवणारी, तर तुमचे हात बांधले गेले असते. प्रत्येक बोल्टचं डोकं, प्रत्येक नळीवरचा शिक्का, कार्ब्युरेटरवरचा आकडा जपावा लागला असता. मूळ इंजिन तडकलं तर झोप उडाली असती. मालिबूवर तुम्ही पुढचे ब्रेक डिस्कचे करू शकता, सीटबेल्ट आजच्या धर्तीचे लावू शकता, ३५० कामातून गेलं असेल तर तयार नवं आणून बसवू शकता, कुणाचं काही नुकसान न करता. फक्त एसएसचे बिल्ले लावून ती एसएस म्हणून पुढे विकू नका. तुमच्या बाबतीत तेच घडलंय.

आता पत्रातल्या एका गृहीतकाकडे येते. ‘करायची तर कारखान्यातून आली तशी करायची’ असं तुम्ही दोनदा लिहिलंय. कारखान्यातून ती कशी आली होती, याचा कधी विचार केलात? या गाड्यांचा जन्म आठवा. १९६४ मध्ये पाँटिॲकने आपल्या मध्यम आकाराच्या टेंपेस्टमध्ये ३८९ घन इंचांचं मोठं इंजिन बसवून जीटीओ नावाने विकलं, आणि तिथून ही चढाओढ सुरू झाली. गिऱ्हाईक कोण, तर तरुण मुलं. घरगुती वापराची गाडी, तिच्यात गरजेपेक्षा दांडगं इंजिन, किंमत हप्त्यांत परवडेल इतकी. त्यांची जोडणी धावत्या पट्ट्यावर झाली. दारांच्या फटी वरखाली असायच्या, रंगाचे ओघळ असायचे, वेल्डिंगचे थेंब तसेच राहायचे. आज प्रदर्शनात आरशासारख्या चमकणाऱ्या शेव्हेल दिसतात तशी एकही शेव्हेल १९७० मध्ये शोरूममध्ये उभी नव्हती. काही जाणकार परीक्षक तर मूळपेक्षा जास्त गुळगुळीत केलेल्या गाडीचे गुण कापतात. तुम्ही ज्या परिपूर्णतेपाशी अडलात ती नंतरच्या लोकांनी, पुष्कळ पैसा असलेल्या लोकांनी तयार केलेली आहे.

ती चढाओढ फार टिकलीही नाही. विम्याचे हप्ते तरुणांच्या आवाक्याबाहेर गेले, १९७० च्या हवा-शुद्धतेच्या कायद्यानंतर इंजिनांचं कॉम्प्रेशन उतरवलं गेलं, १९७३ मध्ये तेलाचं संकट आलं. उरलेल्या गाड्या कुणीतरी दुसऱ्या, तिसऱ्या हाताने घेऊन वापरल्या, ठोकल्या, मिठाच्या रस्त्यांवर फिरवल्या. डेट्रॉइटच्या खाली तर साडेतीनशे मीटर खोल मिठाची खाणच आहे, आणि हिवाळ्यात बर्फ वितळवायला असलं मीठ रस्त्यांवर पसरलं जातं. ओहायोतली गाडी कुजलेली निघाली यात तुमची निवड चुकली असं मला वाटत नाही. त्या भागात न कुजलेली गाडी मिळणं हेच नवल.

म्हणून ध्येय लहान करा. ‘रिस्टोरेशन पूर्ण’ हे ध्येय खोडून टाका. त्याऐवजी लिहा: स्वतःच्या इंजिनावर गॅरेजबाहेर यावी, थांबावी, परत आत जावी. रंग नाही, आतली सजावट नाही. तिथून पुढे ती वापरता वापरता सुधारायची की विकायची, हे तेव्हा ठरवा. दोन्ही बाबतींत तुमचा फायदाच आहे. खोललेली गाडी घेणाऱ्याला खोक्यांत काय आहे, काय हरवलंय ते कळत नाही, म्हणून तो सगळं हरवलंय असं धरून भाव करतो. जोडलेली, सुरू होणारी गाडी, मग ती रंगाविना का असेना, त्याला डोळ्यांनी दिसते.

यात एकच काम असं आहे जे टाळता येणार नाही: मागच्या काचेखालचा पत्रा. त्यावर जरा थांबते, कारण या गाड्यांवर काम करणारे बहुतेक जण इथेच कधी ना कधी अडकतात. काचेभोवती जी चकचकीत पट्टी असते ती क्लिपांवर बसते, आणि क्लिपा पत्र्यावर वेल्ड केलेल्या बारीक खुंट्यांवर. पन्नास वर्षांत पट्टीखाली धूळ आणि पानांचा कचरा साचतो, त्यात पाणी धरून राहतं, खुंटीच्या बुडाशी रंग फुटतो आणि तिथून गंज आत शिरतो. पाणी मग डिकीत उतरतं. म्हणजे डिकीचं बूड कुजलेलं दिसलं तरी कारण वर, काचेपाशी असतं. खालचा पत्रा बदलून वरचं तसंच ठेवलं तर दोन हिवाळ्यांत परत तेच. जाड स्क्रूड्रायव्हर घ्या आणि सगळ्या कडेने टोचत जा. टक्‌ असा आवाज आला तर पत्रा जिवंत. टोक आत गेलं की खडूने खूण करा. गंज दिसतो त्याच्या पुढे दोन बोटं तरी तो पोचलेला असतो.

या भागाचे तयार पत्रे बाजारात मिळतात. शेव्हेल निवडण्यात तुमचं भाग्य ते हेच. कमी खपाच्या गाड्यांवाल्यांना असे तुकडे हाताने ठोकून काढावे लागतात. वेल्डिंग तुम्ही शिकलात असं लिहिलंय. तरी हे काम मी तुम्हाला बाहेर द्यायला सांगेन. काच याच खाचेत बसते. पाव इंचाचा फरक पडला तर काच गळते किंवा तडकते. पातळ पत्र्यावर एकसलग वेल्ड ओढला की तो तापून पापडासारखा वळतो; एक टिपका इथे, एक हातभर लांब, मग थंड होऊ द्यायचं, असं करत जावं लागतं. हा हात बसायला वेळ लागतो, आणि तो बसवायची ही जागा नव्हे. ज्यांना शिकायचंच आहे त्यांनी आधी बुडाच्या पत्र्यावर शिकावं, गालिच्याखाली झाकलं जाईल तिथे.

म्हणजे ‘वर्कशॉपमध्ये दिली तर पैसे पुरत नाहीत’ हेही पूर्ण खरं नाही. पूर्ण गाडी देण्याइतके नाहीत. अमेरिकेत चांगला कारागीर तासाला शंभर डॉलरच्या पुढे घेतो आणि पूर्ण गाडीला हजार तास सहज लागतात, तो हिशोब कुणाच्याच पगारात बसत नाही. पण एक ठरावीक काम द्यायला पैसे जमवता येतील. देताना चार गोष्टी बघा. पाच वर्षांपूर्वी केलेली गाडी त्यांच्याकडून बघायला मागा. नवं काम सगळ्यांचंच सुंदर दिसतं. कामाची व्याप्ती आणि वरची मर्यादा लेखी घ्या. पैसे टप्प्याने द्या, प्रत्येक टप्प्याचे फोटो बघून. आणि गाडी कधी आत घेणार याची तारीख घ्या. अशा वर्कशॉपच्या मागच्या अंगणात दोन-दोन वर्षं वाट बघणाऱ्या गाड्या असतात. तुमचं आधीच एक गॅरेज त्यात गुंतलेलं आहे.

घरी काय करायचं, तर ब्रेक पहिले. १९७० च्या शेव्हेलमध्ये पुढच्या-मागच्या ब्रेकचे सर्किट वेगवेगळे आहेत, हे चांगलं आहे. त्याआधीच्या, १९६६ पर्यंतच्या अनेक गाड्यांत एकच सर्किट असे, एक नळी फुटली की पायाखाली काहीच उरत नसे. तशी गाडी असणाऱ्या वाचकांनी ते आधी बदलावं. तुमच्याकडे नळ्या, रबरी होज, व्हील सिलिंडर सगळं नवं घाला, ते फार महाग नाही. त्यानंतर पेट्रोलची लाइन. आजच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, पन्नास वर्षांपूर्वीचं रबर त्यात टिकत नाही, आणि गरम इंजिनवर पेट्रोल ठिबकणं म्हणजे आग. मग इंजिन. ते खोलायच्या आधी त्याचं कॉम्प्रेशन तपासा. स्टँडवरच्या चांगल्या इंजिनाला ‘आता बाहेर आहेच तर’ म्हणून दोन हजार डॉलर लावलेली माणसं पुष्कळ आहेत. जुन्या कॅमशाफ्टच्या इंजिनांना जस्ताचं प्रमाण जास्त असलेलं ऑइल लागतं, आजच्या गाड्यांसाठीच्या ऑइलमध्ये ते कमी केलेलं असतं. एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

जिवाच्या गोष्टी मात्र भराभर वाचून सोडू नका. गाडीखाली नुसत्या जॅकवर कधीही जाऊ नका, एका मिनिटासाठीही नाही. स्टँड लावा, गाडी हाताने हलवून बघा, मग खाली जा. जुन्या ब्रेकच्या धुळीत ॲस्बेस्टॉस असू शकतं, ती हवेच्या झोताने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा. या शेव्हेलच्या छपराच्या आणि मागच्या चाकांवरच्या पत्र्याच्या सांध्यात कारखान्यातून शिसं भरलेलं असतं आणि जुन्या रंगातही शिसं असू शकतं. तिथे सँडर फिरवलात तर ती धूळ तुमच्या कपड्यांवरून घरात येते. रेती मारून गंज काढायचा मोह झाला तर साधी वाळू वापरू नका, फुप्फुसं जातात. तुमचं गॅरेज घराला लागून आहे, तेव्हा हिवाळ्यात दार बंद करून इंजिन सुरू करायचं नाही. आणि रंग. तुम्ही गॅरेजमध्ये प्लॅस्टिकचा तंबू ठोकून रंग द्यायचं म्हणताय. आजच्या टिकाऊ दोन भागांच्या रंगात आयसोसायनेट असतात. त्यांचा वास येत नाही तेव्हाही ते असतात, आणि त्यांच्यामुळे जडलेला दमा आयुष्यभर राहू शकतो. दुकानातला कोळशाचा मास्क पुरत नाही, बाहेरून हवा पुरवणारा लागतो. शिवाय वाफा पाण्याच्या हीटरच्या ज्योतीपर्यंत पोचतात. हे घरी करू नका. प्रायमर मारलेली गाडी दोन वर्षं तशीच ठेवणंही ठीक नाही, कारण साधा प्रायमर पाणी शोषतो. पाणी अडवणारा इपॉक्सी प्रायमर पत्रा करणाऱ्याकडूनच मारून घ्या.

आता तुमच्या मुलाविषयी. पत्रातला हा भाग मी पुन्हा पुन्हा वाचला.

वडिलांबरोबर चेतक खोलायला बसायचात. काय करायचात ते आठवा. प्लग काढायचा, तारेच्या ब्रशने घासायचा, पॉलिश पेपरने टोक साफ करायचं, परत बसवायचा. किक मारून सुरू झाली नाही तर स्कूटर कलती करायची आणि पुन्हा किक. तासाभरात धूर काढत सुरू व्हायची आणि वडील म्हणायचे, ‘चल बस मागे.’ सोमवारी त्याच स्कूटरवर ते कामाला जायचे. म्हणजे तुम्ही जे शिकलात त्यात तीन गोष्टी होत्या: काम गरजेचं होतं, ते त्याच दुपारी संपत होतं, आणि शेवटी फेरफटका होता. तुमच्या मुलाच्या वाट्याला यातलं काय आलं? तेराव्या वर्षी त्याने एक चालणारी गाडी घरी आलेली बघितली. त्यानंतर तीन वर्षं ती फक्त सुटी होत गेली. त्याला बोलावलंत तेव्हा बहुधा टॉर्च धरायला बोलावलंत. त्यातून तो गॅरेजमध्ये यायचा थांबला, तर त्याला गाड्यांची आवड नाही असा अर्थ मी काढणार नाही. कदाचित नसेलही. पण ते कळायला त्याला अजून काही मिळालेलंच नाही.

एक दुपार द्या, आणि त्या दुपारी संपणारं काम द्या. कार्ब्युरेटर खोलून, साफ करून, नव्या गॅस्केटसह जोडणं हे असं काम आहे. एका ट्रेमध्ये मावतं, संध्याकाळपर्यंत होतं. तो करेल, तुम्ही टॉर्च धरा. जोडताना एखादा स्क्रू उलटा जाईल, तेव्हा हात पुढे करू नका. तो नको म्हणाला तर ‘बरं’ म्हणा, आणि पुन्हा विचारताना सुरात रुसवा नको. मुलाला कोडिंग आवडत असेल, फोटो काढायला आवडत असतील, तर सगळ्या खोक्यांची यादी फोनवर तयार करून द्यायला सांगा आणि त्याचे पैसे द्या. त्यातही काही नको असेल तर दोघं मिळून वेगळंच काहीतरी करा. वडील आणि मुलाला एकत्र बसायला गाडीच लागते असं नाही. तुमच्या वडिलांकडे स्कूटर होती म्हणून स्कूटर होती.

ही त्याची पहिली गाडी व्हावी ही कल्पना मात्र सोडून द्या, असं मी स्पष्टच सांगते. एअरबॅग नाही, अँटीलॉक ब्रेक नाहीत, दीड टनाचं धूड, मागच्या चाकांना जोर, आणि हातात नुकतं आलेलं लायसन्स. मिशिगनच्या ओल्या रस्त्यावर अनुभवी माणसालाही ती सांभाळावी लागते. त्याच्यासाठी कंटाळवाणी, दहा वर्षं जुनी, सुरक्षित गाडी बघा. शेव्हेल तो तुमच्या शेजारी बसून, मोकळ्या पार्किंगमध्ये शिकेल.

‘अर्धवट सोडली तर काय शिकवलं’ याचं उत्तर तुम्ही स्वतःलाच फार कठोर दिलंय. तीन वर्षं त्याने बाबांना चिडलेलं, आईला बाहेर बर्फ खरवडताना आणि गॅरेजच्या दाराआडून दोघांचे आवाज वाढताना बघितलं. तुम्ही आकडा सांगितलात, जागा मोकळी केलीत, काम आटोक्यात आणलंत, तर तेही तो बघणार आहे. विकलीत तरी.

ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी डेट्रॉइटच्या वुडवर्ड अव्हेन्यूवर ड्रीम क्रूझ, म्हणजे जुन्या गाड्यांची फेरी, असते, १९९५ पासून. तुम्ही इतक्या जवळ राहता आणि पत्रात तिचा उल्लेखही नाही, याचं मला आश्चर्य वाटलं. साठच्या दशकात याच रस्त्यावर तरुण पोरं सिग्नलला शर्यती लावत. तिघं मिळून जा, दुपारभर रस्त्याच्या कडेला खुर्च्या टाकून बसा. चमकदार गाड्यांच्या मधून प्रायमरमधल्या, एक दार वेगळ्या रंगाचं असलेल्या, फाटक्या सीटच्या गाड्याही जातात, आणि आत बसलेली माणसं तेवढीच खूश असतात. पत्नीला कुठली आवडते ते विचारा. तिला आजवर हे विचारलंय असं पत्रावरून तरी वाटत नाही.

पुण्यातून, सांगलीतून पद्मिनी किंवा जावा उघडून बसलेलेही मला लिहितात. त्यांना वेल्डिंगचे दर वेगळे पडतील, पण क्रम हाच: घरच्यांना आकडा सांगा, जागा परत द्या, गाडी जोडा, चालवा, रंगाचं शेवटी बघा.

आणि एक मुदत ठरवा, पत्नीला विचारून, कॅलेंडरवर लिहून. पहिला बर्फ पडायच्या आत तिची गाडी आत. पुढच्या मे महिन्यापर्यंत शेव्हेल स्वतःच्या इंजिनावर गॅरेजबाहेर. त्यासाठी दर महिन्याला किती खर्च करायचा ते दोघांनी ठरवा आणि कार्ड त्यात आणू नका. आधी कार्डाची बाकी फेडा, मग पत्र्याच्या कामाचे पैसे साठवा. मे उजाडला आणि गाडी हललेली नसेल, तर विका. जाहिरातीत मालिबू असं लिहा, बिल्ड शीट सापडली असेल तर तिचा फोटो लावा, काचेखालच्या पत्र्याचा आधीचा आणि नंतरचा फोटो लावा, सोबत जाणाऱ्या प्रत्येक खोक्याची यादी द्या. जोडलेल्या अवस्थेत, एवढ्या कागदपत्रांसह विकलीत तर आज विकण्यापेक्षा बरा भाव मिळेल, आणि घेणाऱ्याला आपण काय घेतोय ते माहीत असेल.